चिठ्ठीवरची शेवटची ओळ

पिंपरी-चिंचवडच्या उद्योगनगरीची सुरुवात औषधाच्या कारखान्याने झाली. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने इथे पेनिसिलीन बनू लागलं. न्यूमोनियाने अंथरुणाला खिळलेला माणूस काही इंजेक्शनांनंतर उठून बसायचा, तो हा काळ. डॉक्टरांनी सुई टोचायची, पेशंटने टोचून घ्यायची आणि आजार संपायचा. उपचार म्हणजे काय, याचं चित्र आपल्या मनात त्याच काळात पक्कं झालं आणि अजून ते पुसलं गेलेलं नाही.

दरम्यान आजार बदलले. पुणे-नाशिक रस्त्यावरची मोशी 1997 साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली. एका अंगाला भोसरी, इंद्रायणी ओलांडली की चाकणचा पट्टा, आणि मधल्या शेतांच्या जागी आता सोसायट्यांच्या रांगा. पहाटे कंपनीच्या बसची वाट पाहत थांबलेल्या माणसांच्या पाठीवरच्या सॅकमध्ये डब्याशेजारी गोळ्यांची पाकिटंही असतात. शुगर, बीपी, हृदयाचा त्रास, जुना दमा, झिजलेले गुडघे हे आजार एका सुईने संपत नाहीत. त्यांच्यासोबत वीस-तीस वर्षं संसार करावा लागतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशातल्या 11.4 टक्के प्रौढांना मधुमेह आणि 35.5 टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आहे.

या आजारांची चिठ्ठी कशी असते ते आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलं आहे. वर तीन-चार औषधं. 500 मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर, एक महिना. सगळं नेमकं. त्याखाली एक रेघ आणि रेघेखाली शेवटची ओळ : ‘चालणे, पथ्य, वजन कमी करणे.’ वरच्या प्रत्येक औषधाला डोस आहे. या ओळीला नाही. किती चालायचं, किती वेगाने, कधी, गुडघा दुखत असेल तर काय करायचं, रात्रपाळी असेल तर काय करायचं, यातलं काहीच लिहिलेलं नसतं. माझं म्हणणं एवढंच आहे की ही शेवटची ओळ सल्ला म्हणून सोडून देण्यासारखी नाही. ते औषध आहे. त्याला डोस हवा, आणि तो ठरवायला एकापेक्षा जास्त माणसं हवीत.

खाटेवरून खुर्चीवर

आजारी माणसाने पडून राहावं, ही समजूत वैद्यकशास्त्राचीही होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला कित्येक आठवडे कुशीवरसुद्धा वळू देत नसत. 1952 साली अमेरिकेतले डॉक्टर सॅम्युअल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाऊन यांनी अशा पेशंटना खाटेवरून उठवून आरामखुर्चीत बसवायला सुरुवात केली, तेव्हा ते मोठं धाडस समजलं गेलं. भीती होती तसं काही झालं नाही, उलट पेशंट लवकर सावरले.

पुढच्याच वर्षी लंडनच्या जेरी मॉरिस यांनी तिथल्या दुमजली बसवर काम करणाऱ्यांचा अभ्यास मांडला. ड्रायव्हर आणि कंडक्टर एकाच बसवर, एकाच शहरात, जवळपास सारख्याच पगारावर काम करत. पण दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांमध्ये हृदयविकार जास्त होता आणि दिवसभर जिना चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरांमध्ये कमी. हालचाल आणि हृदय यांचं नातं आकड्यांत मांडणाऱ्या पहिल्या मोठ्या अभ्यासांपैकी हा एक.

1966 साली डल्लासमध्ये विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे खाटेवर झोपवून ठेवण्यात आलं. त्यांची दमाची क्षमता एक चतुर्थांशाहून जास्त घसरली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तेव्हा दिसलं की तीस वर्षांच्या वयवाढीने त्यांच्या क्षमतेचं जेवढं नुकसान केलं, त्यापेक्षा जास्त नुकसान त्या तीन आठवड्यांच्या झोपण्याने केलं होतं. पडून राहणंही शरीरावर परिणाम करतं, आणि तो झपाट्याने करतो.

स्नायू नावाचा अवयव

व्यायामाने वजन कमी होतं एवढंच आपल्याला ठाऊक असतं. वजन उतरलं नाही की माणूस व्यायाम सोडतो. खरं काम मात्र वजनकाट्याला दिसत नाही, ते स्नायूंत चालतं.

जेवणानंतर रक्तात आलेली साखर मुख्यतः स्नायू उचलतात. एरवी त्यासाठी इन्सुलिनची किल्ली लागते, तीच किल्ली मधुमेहात नीट फिरत नाही. पण स्नायू आकुंचन पावतो तेव्हा साखरेची दारं इन्सुलिनशिवायही उघडतात. चालणाऱ्या पोटऱ्या आणि मांड्या रक्तातली साखर थेट ओढून घेतात. व्यायाम थांबल्यावरही एक-दोन दिवस ही दारं थोडी सैल राहतात. म्हणून मधुमेह असलेल्याने सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नये, असं सांगितलं जातं. रविवारी एकदाच दहा किलोमीटर चालून सोमवार ते शनिवार बसून राहिलं तर साखरेवरचा परिणाम आठवडाभर टिकत नाही, त्याचं कारण हेच.

जेवणानंतर शतपावली घालायची आपल्याकडची रीत या दृष्टीने फार शहाणी आहे. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाने 2016 साली 41 मधुमेही लोकांवर केलेला अभ्यास पाहा. दिवसातून कधीही एकदा तीस मिनिटं चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं चालल्याने जेवणानंतरची साखर सरासरी 12 टक्क्यांनी कमी राहिली, आणि रात्रीच्या जेवणानंतर तर 22 टक्क्यांनी. शंभर पावलांची हजार पावलं करायची, एवढाच बदल.

रक्तदाबाचंही तसंच. नियमित चालणं, सायकल किंवा पोहणं यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात आणि उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा आकडा सरासरी 5 ते 8 अंकांनी उतरतो. फुप्फुसाच्या जुन्या आजारात, म्हणजे सीओपीडीत, व्यायामाने फुप्फुसं नवी होत नाहीत. पण पायांचे स्नायू तयार झाले की तेवढ्याच कामाला कमी हवा लागते आणि दम कमी लागतो. हा आजार फक्त विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा नाही. चुलीच्या धुरात आयुष्य गेलेल्या बायकांनाही तो होतो, ही गोष्ट पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी 2009 साली ‘लॅन्सेट’मध्ये पीटर बार्न्स यांच्यासोबत ठळकपणे मांडली. मुलाच्या नोकरीमुळे गावाकडून मोशीच्या फ्लॅटमध्ये राहायला आलेल्या कितीतरी आयांच्या छातीत तो धूर अजून आहे.

पुण्याचंच आणखी एक संशोधन इथे सांगायला हवं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या 6 गावांत गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. इथली बाळं सरासरी 2.7 किलोची, तर इंग्लंडमधली साडेतीन किलोची. पण इथल्या बाळांचं वजन कमी होतं ते स्नायू आणि अवयव बारीक असल्यामुळे. चरबी त्यामानाने राखलेली होती. बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरात चरबी जास्त आणि स्नायू कमी, या ठेवणीला जगभर ‘थिन-फॅट’ म्हणतात. याज्ञिकांनी ती आपल्याच उदाहरणाने पटवून दिली. ते आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन, दोघांच्या उंची-वजनाचा निर्देशांक एकच, 22.3. पण शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. ‘मी तर सडपातळ, मला कसली शुगर?’ या प्रश्नाचं उत्तर इथे मिळतं. आपल्याकडे नुसतं वजन घटवून भागणार नाही, स्नायू कमवावे लागतील.

‘मी दिवसभर उभाच असतो’

औद्योगिक पट्ट्यात व्यायामाचा विषय काढला की हमखास मिळणारं उत्तर म्हणजे, ‘आठ तास लाईनवर उभा असतो, वेगळा व्यायाम कशाला?’ प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याचं उत्तरही प्रामाणिकपणे द्यायला हवं.

कोपनहेगनमधल्या 1 लाखाहून अधिक लोकांच्या माहितीवरून 2021 साली असं दिसलं की फावल्या वेळातली हालचाल जितकी जास्त, तितका हृदयविकाराचा धोका कमी. कामावरच्या शारीरिक कष्टांचं मात्र उलट दिसलं. जड अंगमेहनतीचं काम करणाऱ्यांना धोका जास्त होता. अभ्यासक यामागची काही कारणं मांडतात. कामावरची हालचाल तासन्‌तास चालते, पण नाडी चांगली वाढेल इतकी जोमाची क्वचित असते. तेच दोन-चार स्नायू पुन्हा पुन्हा वापरले जातात. एका जागी उभं राहून किंवा ओझं उचलून रक्तदाब दिवसभर चढलेला राहतो. विश्रांती हवी तेव्हा घेता येत नाही, लाईन थांबत नाही. व्यायामात याच्या उलट असतं. थोडा वेळ जोर आणि मग पुरेसा आराम.

म्हणजे कामगाराचे कष्ट खोटे नाहीत. त्या कष्टांनी थकतात ते स्नायू आणि सांधे वेगळे, आणि हृदयाला व फुप्फुसांना हवी असलेली हालचाल वेगळी. दमून आलेल्या माणसाला आणखी दमवणं हा उपाय नव्हे. त्याला कुठली हालचाल कमी पडते ते शोधणं, हा उपाय.

डोस कसा ठरतो

सहा मिनिटं चालण्याची चाचणी हे डोस ठरवण्याचं सगळ्यात साधं साधन आहे. फिजिओथेरपी विभागाबाहेरचा तीस मीटरचा सरळ बोळ, दोन टोकांना दोन शंकू आणि मध्ये लागलंच तर टेकायला एक खुर्ची. पेशंटच्या बोटाला ऑक्सिजन मोजणारं छोटं यंत्र लावतात, बीपी घेतात आणि सांगतात, ‘काका, सहा मिनिटांत जमेल तेवढं चाला. पळायचं नाही. दम लागला तर थांबा, घड्याळ चालू राहील.’ काका निघतात. पहिली दोन मिनिटं तोऱ्यात जातात. तिसऱ्या मिनिटाला हात कमरेवर येतो. चौथ्या मिनिटाला ते भिंतीला टेकतात, वीस सेकंद थांबतात, पुन्हा निघतात. अकरा फेऱ्या झाल्या तर 330 मीटर. शेवटी विचारतात, ‘शून्य ते दहामध्ये सांगा, दम किती लागला? पाय किती भरून आले?’

या सहा मिनिटांतून खूप काही कळतं. माणूस दमामुळे थांबला की पोटरीत गोळा आल्यामुळे? ऑक्सिजन खाली आला का? नाडी किती चढली आणि किती वेळात उतरली? तीन महिन्यांनी तोच बोळ आणि तीच सहा मिनिटं. 330 चे 390 झाले, तर औषध लागू पडतंय.

घरी करण्यासारखी चाचणी खुर्चीची. हात नसलेली, भिंतीला टेकवलेली खुर्ची घ्यायची, दोन्ही हात छातीवर आडवे धरायचे आणि तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून बसता येतं ते मोजायचं. मांड्यांतली ताकद कळते. तोल जाणाऱ्यांनी मात्र शेजारी कुणाला तरी उभं करूनच हे करावं.

मग चार प्रश्नांची उत्तरं लिहायची. आठवड्यातून किती वेळा, किती जोमाने, किती वेळ आणि कोणता व्यायाम. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शनात जुनाट आजार असलेल्यांनाही वगळलेलं नाही. त्यांनीही जमेल तसं आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोनदा तरी स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम करावा, असं त्यात म्हटलं आहे. ‘मध्यम’ ओळखायची खूण सोपी आहे. चालताना बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही. आणि 150 हा पोहोचायचा आकडा आहे, पहिल्या दिवसाचा नाही. ज्यांना पाच मिनिटं जमतात त्यांचा डोस पाच मिनिटांचा, दिवसातून तीनदा.

एकाच माणसाची पाच दुखणी

समजा, मोशीच्या एका सोसायटीत राहणारे 52 वर्षांचे एक गृहस्थ आहेत. चाकणच्या कंपनीत कामाला, दर आठवड्याला शिफ्ट बदलते. नऊ वर्षांपासून शुगर, जोडीला बीपी, उजवा गुडघा कुरकुरतो. गुढीपाडव्याला ते निश्चय करतात की उद्यापासून रोज तासभर चालायचं. पहाटे साडेपाचला, उपाशीपोटी, शुगरची गोळी घेऊन ते स्पाइन रोडला लागतात.

तिसऱ्या दिवशी चालताना दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात. पाचव्या दिवशी गुडघा सुजतो. सातव्या दिवशी टाचेला फोड आलेला दिसतो, तो कधी आला ते कळलेलंच नसतं. पुढच्या आठवड्यात रात्रपाळी लागते आणि पहाटे साडेपाच ही वेळच हातातून जाते. महिनाअखेर निश्चय संपतो आणि मनात एक वाक्य उरतं, ‘आपल्याला व्यायाम मानवत नाही.’

त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. यातल्या प्रत्येक अडचणीवर उत्तर असलेला माणूस अस्तित्वात आहे, फक्त तो त्यांना भेटला नाही.

घाम आणि थरथर म्हणजे साखर खाली आल्याची खूण. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी चाललं की साखर 70 च्या खाली जाऊ शकते. गोळीची वेळ किंवा मात्रा बदलणं हे डॉक्टरांचं काम, आणि व्यायाम अंगी लागत गेला की ही मात्रा पुन्हा पुन्हा तपासावी लागते. बीपीच्या काही गोळ्या नाडीला लगाम घालतात. त्या घेणाऱ्याने मनगटावरच्या घड्याळात नाडीचा ठरावीक आकडा गाठायचा हट्ट धरला तर तो आकडा कधी येणारच नाही आणि माणूस जिवाच्या आकांताने धावत सुटेल. त्याला बोलण्या-गाण्याची खूणच बरी.

गुडघा फिजिओथेरपिस्टचा. ‘चढताना दुखतो की उतरताना?’ या एका प्रश्नाने बरंच उलगडतं. गुडघा झिजला म्हणून चालणं बंद, चालणं बंद म्हणून मांडी बारीक, मांडी बारीक म्हणून गुडघ्यावर जास्त भार, या चक्राला कुठेतरी खीळ घालावी लागते. महिनाभर मांडीची ताकद आधी आणि चालणं नंतर, असा क्रम लावला तर गुडघा साथ देतो.

न कळलेला फोड ही सगळ्यात गंभीर गोष्ट. वर्षानुवर्षांच्या मधुमेहाने तळव्यांची संवेदना जाऊ शकते. पावलाला बारीक नायलॉनचा धागा टेकवून ती तपासता येते. नर्सने किंवा डॉक्टरांनी वर्षातून एकदा ही तपासणी करायला हवी आणि पेशंटने रोज रात्री पावलं पाहायला हवीत. देहू-आळंदीच्या मधल्या मोशीतून वारीला निघणारे पुष्कळ आहेत. पंढरपूरची वाट अडीचशे किलोमीटरच्या आसपास. शुगर असलेल्या वारकऱ्याने निघण्याआधी तीन महिने पावलं आणि चप्पल यांची तयारी केली, तर वारी सुखाची होईल.

शिफ्टचं उत्तर वेळापत्रकात आहे. रात्रपाळीत जेवण, झोप आणि गोळ्या यांचे तास सरकतात. तेव्हा व्यायामही घड्याळाला न बांधता झोपेला बांधायचा. रात्रपाळीहून आल्यावर आधी झोप, उठल्यावर थोडं खाणं आणि मग चालणं. आहारतज्ज्ञाने गृहस्थांशी बोलावंच, पण घरी स्वयंपाक जो करतो त्याच्याशीही बोलावं. नाश्त्याला पोहे, कामावर दोनदा गोड चहा, कॅन्टीनमध्ये भाताचा ढीग आणि वाटीभर पातळ आमटी, रात्री पुन्हा पोळ्या. एवढ्यात स्नायूला लागणारी प्रथिनं कुठून येणार? मोड आलेली मटकी, दही, अंडं, दाणे, घट्ट वरण हे आपल्याच स्वयंपाकघरातलं आहे. फक्त वाटीचा आकार वाढवायचा आणि भाताचा ढीग कमी करायचा.

आणि ‘मला मानवत नाही’ या वाक्याचं उत्तर समुपदेशकाकडे. मधुमेह असलेल्यांत नैराश्य इतरांच्या जवळपास दुप्पट आढळतं. ज्याचं मनच उतरलंय त्याला ‘इच्छाशक्ती वाढवा’ म्हणणं म्हणजे पाय मोडलेल्याला ‘पळ’ म्हणण्यासारखं.

हे पाच जण वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या चिठ्ठ्या देत राहिले तर पेशंट गोंधळतो. एक म्हणतो चाला, दुसरा म्हणतो गुडघ्याला आराम द्या. त्यांनी एकाच कागदावर, एकमेकांशी बोलून लिहायला हवं. आपल्याला ही कल्पना परकी वाटायचं कारण नाही. भोसरीच्या मातीला कुस्तीचं वेड आहे. तालमीत वस्ताद पोराला नुसत्या जोर-बैठका सांगून घरी धाडत नाही. खुराक किती, मेहनत किती, मालिश कधी, झोप किती, दुखापत झाली तर कुठली मेहनत बंद आणि कुठली चालू, हे सगळं एका नजरेखाली चालतं. पैलवानाला जे मिळतं, ते पेशंटला का मिळू नये?

सल्ला आणि सोबत

हे खर्चिक लाड वाटत असतील तर पुरावा पाहू. डेन्मार्कच्या स्टेनो केंद्रात मधुमेहाचे 160 पेशंट निवडून त्यांचे दोन गट केले. एकाला नेहमीचे उपचार. दुसऱ्याला डॉक्टर, नर्स आणि आहारतज्ज्ञ यांच्या एकत्रित तुकडीने साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, आहार, व्यायाम आणि तंबाखू हे सगळं एकाच वेळी सांभाळून दिलं. सरासरी 7.8 वर्षांनी हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार दुसऱ्या गटात निम्म्यावर आले होते. एकवीस वर्षांनी मोजलं तेव्हा त्या गटाला मध्यमानाने 7.9 वर्षांचं जास्त आयुष्य मिळालं होतं.

आतड्याच्या कर्करोगावरचा 889 रुग्णांचा अभ्यास 2025 साली प्रसिद्ध झाला, तो तर नेमका आपल्या मुद्द्याचा आहे. शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी झाल्यावर एका गटाला व्यायाम आणि आहाराची छापील माहिती दिली. दुसऱ्या गटाला तीन वर्षं व्यायामाचा सल्लागार दिला, जो भेटायचा, करून घ्यायचा, खंड पडला तर विचारायचा. आठ वर्षांनी पहिल्या गटातले 83.2 टक्के हयात होते, दुसऱ्यातले 90.3 टक्के. माहिती दोघांकडेही होती. फरक सोबतीचा होता.

भारतातलंही पाहू. डॉ. ए. रामचंद्रन यांनी चेन्नईत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या 531 नोकरदारांवर केलेला अभ्यास 2006 साली आला. काहीच न केलेल्यांपैकी 55 टक्के लोक तीन वर्षांत मधुमेही झाले. आहार-व्यायामासाठी पाठपुरावा केलेल्यांत हे प्रमाण 39.3 टक्के होतं. हृदयविकाराच्या झटक्यानंतर योगावर आधारलेलं पुनर्वसन 24 केंद्रांतल्या 3,959 पेशंटवर तपासलं गेलं. मृत्यू आणि पुन्हा येणारे झटके यांत निर्णायक फरक दिसला नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. पण तब्येत बरी वाटणं आणि पूर्वीच्या कामाला पुन्हा लागता येणं, यात योगाचा गट पुढे होता. ज्याचं घर त्याच्या पगारावर चालतं त्याला हे थोडं नाही.

अशा सोबतीचं एक उदाहरण याच उद्योगनगरीशी जोडलेलं आहे. लष्करातले जवान मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले. मुंबईच्या नौदल रुग्णालयात फिजिओथेरपीचा भाग म्हणून त्यांना पाण्यात उतरवलं गेलं. 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी 50 मीटर फ्रीस्टाइल 37.33 सेकंदांत पार करून भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्णपदक मिळवलं आणि पुढे पुण्यात टेल्को या मोटार कंपनीत नोकरी केली. पदक सगळ्यांना दिसतं. त्याआधी कुणीतरी त्या जखमी शरीराला काय झेपेल याचा विचार करून त्याला नेमका व्यायाम दिला होता, ते मला जास्त मोलाचं वाटतं.

मोशीत काय करता येईल

सगळं शून्यातून उभारायचं नाही. पिंपरीचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय 1989 पासून आहे, भोसरी, आकुर्डी, थेरगावलाही महापालिकेची रुग्णालयं आहेत. दरमहा 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगारांना राज्य कामगार विम्याचं छत्र आहे. असंसर्गजन्य आजारांसाठी 2010 पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे आणि तिशीच्या पुढच्यांची शुगर-बीपी तपासणी त्याचा भाग आहे. तपासणी करणारी माणसं आहेत, औषध देणारी आहेत. कमी आहे ती या सगळ्यांना एका टेबलाभोवती बसवण्याची सवय. आठवड्यातून एक दुपार अशी ठरवली, की डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ आणि समुपदेशक एकाच खोलीत बसतील आणि जुन्या आजाराचा पेशंट एका फेरीत एकच कागद घेऊन बाहेर पडेल, तर त्याला नवी इमारत लागणार नाही.

कंपन्यांना तर हे सहज जमेल. 250 हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कॅन्टीन असावं, ही दृष्टी 1948 च्या कारखाना कायद्याने दाखवली होती. त्या ताटात घट्ट वरण आणि उसळीची वाटी मोठी करणं, आठवड्यातून एकदा फिजिओथेरपिस्ट बोलावणं, गोळ्या घेणाऱ्यांची शिफ्ट दर आठवड्याला न फिरवणं, हे व्यवस्थापनाच्या आवाक्यातलं आहे. सोसायट्यांनीही विचार करावा. बागेतल्या ओपन जिमचं यंत्र कुणी कसं वापरायचं हे सांगणारं तिथे कुणी नसतं. दहा कुटुंबांनी मिळून महिन्यातून दोन रविवार एखाद्या फिजिओथेरपिस्टला बोलावलं, तर खर्चही वाटला जातो आणि चालायला सोबतही मिळते.

पेशंटने स्वतः जपायच्या गोष्टी मोजक्या आहेत. व्यायाम करताना छातीत दुखलं, भरून आलं, चक्कर आली किंवा नेहमीपेक्षा वेगळा दम लागला, तर तिथेच थांबायचं आणि डॉक्टर गाठायचे. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या असतील तर खिशात साखर ठेवायची. बीपी असलेल्यांनी वजन उचलताना श्वास कोंडायचा नाही. दम्याच्या माणसाने चालताना शीळ घातल्यासारखे ओठ करून सावकाश श्वास सोडायचा. स्टेंट बसलेला असेल किंवा डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाचा परिणाम असेल, तर विचारल्याशिवाय नवा व्यायाम सुरू करायचा नाही.

आणि एक विनंती. पुढच्या वेळी डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून तुमच्या हातात दिली की लगेच उठू नका. शेवटच्या ओळीवर बोट ठेवा आणि विचारा, ‘किती वेळा, किती जोमाने, किती वेळ आणि कोणता व्यायाम? माझा गुडघा, माझी शिफ्ट आणि माझ्या गोळ्या धरून सांगा.’ त्यांना वेळ नसेल तर, हे कोण सांगेल, ते विचारा. हा प्रश्न विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, कारण तेही तुमचं औषधच आहे.